पत्र पावले

गेल्या मार्चमध्ये आमच्या महाविद्यालयात मुलाखतीचे तंत्र आणि व्यक्तिमत्त्व विकास या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. अशा कार्यशाळा आता दरवर्षी होतात. मूल्यांकन समितीपुढे ठेवायला छायाचित्रे लागतात. शहरातून आलेले वक्ते वाक्‌पटू होते. नोकरीसाठी अर्ज केल्यानंतर उमेदवाराने कसे वागावे यावर त्यांनी पाऊण तास घेतला. आठवडाभर थांबावे, मग एकदाच आणि कामाच्या वेळात फोन करावा, आवाजात अधीरता नसावी, उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनी दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे, तिसऱ्यांदा मात्र विचारू नये, त्याने ‘इंप्रेशन’ बिघडते. एम.ए.च्या मुलामुलींनी हे सारे वहीत उतरवून घेतले. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते, ते मी यथासांग पार पाडले. घरी जाताना लक्षात आले, की ज्याच्याकडे अर्ज येतो त्याने कसे वागावे याविषयी त्या पाऊण तासात एक वाक्यही उच्चारले गेले नव्हते.

हा दोष एकट्या वक्त्यांचा नाही. ‘फॉलो-अप’साठी आपण ‘पाठपुरावा’ हा प्रतिशब्द रूढ केला आहे. पाठ पुरवणे म्हणजे पिच्छा न सोडणे. विचारणारा शब्दातच पाठलाग करणारा ठरतो आणि उत्तर देण्याचे कर्तव्य ज्याचे, तो बिचारा पुढे धावणारा. गुन्हेगार आणि फिर्यादी यांची इतकी सफाईदार अदलाबदल भाषेत क्वचितच झाली असेल. आणि ती आपल्याला खटकत नाही, कारण आपण, म्हणजे मराठीचे अध्यापक, हीच अदलाबदल वर्गात शिकवतो. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेत अर्जलेखन असते. अर्जदाराचे नाव डावीकडे की उजवीकडे, विषय अधोरेखित करावा की नाही, ‘आपला विश्वासू’ लिहावे की ‘आपला नम्र’, यांवर आम्ही गुण देतो आणि कापतो. वीस वर्षांत मी शेकडो प्रश्नपत्रिका पाहिल्या, काही काढल्या. ‘अर्ज मिळाल्याची पोच देणारे पत्र लिहा’ किंवा ‘उमेदवाराची निवड न झाल्याचे कळवणारे पत्र लिहा’ असा प्रश्न मी एकदाही पाहिला नाही आणि काढलाही नाही. आमच्या वर्गातली मुले पुढे कधी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसतील हे आम्ही गृहीतच धरलेले नाही. त्यातली जी बसतात, ती मग शिकवलेले नसल्यामुळे गप्प राहतात.

वस्तुतः पोच देणे ही पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राकडून उसनी आणायची गोष्ट नव्हे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. इतिहासाचे विद्यार्थी ती पानिपतासाठी वाचतात, भाषेच्या विद्यार्थ्यांनी मायन्यासाठी वाचावीत. त्या काळच्या पत्रव्यवहाराची रीत अशी, की उत्तर देणारा आधी आपले पत्र पावले, लिहिलेला मजकूर कळला, हे नोंदवतो आणि मग आपल्या मजकुराकडे वळतो. पुढचा मजकूर पुष्कळदा नकाराचा असतो: पैका नाही, फौज येऊ शकत नाही. पण नकारापूर्वी पोच असते. घोडदळ दौडत असताना, काशीद वाटेत लुटला जाण्याची भीती असताना, हे सुचत होते. आज संगणकाच्या एका कळीने दोनशे जणांना एकाच वेळी कळवता येते आणि आपल्याला ते सुचत नाही. वेळ नाही या सबबीला म्हणूनच मी काडीचीही किंमत देत नाही.

आता उन्हाळ्याविषयी. दर एप्रिलअखेर आमच्या स्टाफरूममध्ये एक शोकगीत सुरू होते. सुट्टी उरलीच नाही हो, उत्तरपत्रिका तपासायच्या, प्रवेशाची कामे, नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम, त्यात मुलांच्या परीक्षा. उन्हाळा उपभोगायचा कधी? मीही या कोरसात असतो. पूर्णवेळ नोकरी सांभाळून मे महिना कसा सत्कारणी लावावा, यावर माझ्याकडे काही तयार उपदेशही आहेत: उत्तरपत्रिका सकाळी दहाच्या आत संपवाव्यात, दुपारी वाळा टाकलेल्या माठाशेजारी जाडजूड कादंबरी घेऊन पडावे, संध्याकाळी कोणाच्या गच्चीवर कुरडया वाळत आहेत याची चौकशी करत हिंडावे, आणि आठ दिवस तरी कोकणात जावे. यात वाईट काही नाही. आमच्या पगारात मे महिना धरलेला असतो, त्यामुळे आमची तक्रार ही भरल्या पोटाची तक्रार असते, एवढेच.

त्याच स्टाफरूममध्ये दाराजवळच्या खुर्च्यांवर जे बसतात, त्यांचा उन्हाळा वेगळा असतो. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे ‘सी.एच.बी.’चे अध्यापक. त्यांच्यापैकी अनेकांकडे नेट-सेट आहे, काहींकडे पीएच.डी. आहे, ते शिकवतात तोच अभ्यासक्रम आणि तपासतात त्याच वह्या. २०२३ च्या शासन निर्णयानुसार पदवी स्तरावर त्यांना एका तासाचे ९०० रुपये मिळतात, आणि एकाला आठवड्याला नऊच तास देता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने अतिथी अध्यापकांसाठी २०१९ सालीच तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० सुचवले होते, हे जाता जाता. पण दर हा माझा आजचा मुद्दा नाही. तास नाही तर मानधन नाही, हे तत्त्व म्हणजे दिवाळी नाही, परीक्षेचा काळ नाही आणि मे तर नाहीच नाही. जून-जुलैत नव्याने जाहिरात, नव्याने अर्ज, त्याच प्रमाणपत्रांच्या नव्या छायाप्रती, मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थिती. जे पद त्याने एप्रिलपर्यंत सांभाळले, त्याच पदासाठी तो जूनमध्ये अनोळखी उमेदवार असतो. तासाच्या हिशोबाने मोल ठरलेला हा माणूस वाट मात्र पूर्णवेळ पाहतो. मे महिन्यात लग्नांच्या पंगतीत त्याला एकच प्रश्न येतो, ‘परमनंट झालास का?’ हा प्रश्न टाळण्यासाठी लग्नांना जाणेच सोडलेले दोघे जण मला ठाऊक आहेत.

नेमाड्यांचा चांगदेव पाटील आठवा. ‘बिढार’ १९७५ साली आली, ‘जरीला’ १९७७ साली, ‘झूल’ १९७९ साली. महाविद्यालयांच्या क्षुद्र राजकारणाला विटलेला हा प्राध्यापक एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवत राहतो. आम्ही ते अस्थिरतेचे, परात्मतेचे प्रतीक म्हणून शिकवतो. परवा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, पण त्याला प्रत्येक गावात नोकरी मिळते कशी?’ वर्ग हसला. मला हसू आले नाही. राजीनामा देण्याचे स्वातंत्र्य ही आमच्या वाचनातली करुण गोष्ट होती. या मुलांच्या डोळ्यांना ती चैन दिसते. ज्याची नेमणूकच नाही, त्याने राजीनामा कशाचा द्यायचा?

माझ्या या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप मला पाठ आहेत. लेखी कळवले की उमेदवार न्यायालयात जातात, हा पहिला. ज्यांना जायचे ते मौनानंतरही जातात. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, आणि न मिळालेल्या उत्तराइतका मोठा संशय कोणतेही उत्तर निर्माण करत नाही. दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: सगळे आधीच ठरलेले असते, मग कळवायचे काय? याला मी उत्तर देणार नाही. ज्यांनी ठरवलेले असते, त्यांनी निदान ज्यांचे ठरलेले नाही त्यांचा उन्हाळा तरी मोकळा करावा. तिसरा आक्षेप आमच्या पिढीचा आहे: आम्हीही असेच थांबलो होतो. थांबलो होतो खरे. २००४ साली मी रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवत असे आणि कोणाची तरी अगम्य सही असलेला पोचपावतीचा तुकडा परत आला की तो पाकिटात जपून ठेवत असे. ते रजिस्टर्ड पोस्टही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. पण आपण सोसले म्हणून पुढच्याने सोसावे, हे सासूचे तर्कशास्त्र विद्यापीठीय वर्तुळात शोभत नाही.

इथवर मी दुसऱ्यांविषयी लिहिले. तीन वर्षांपूर्वी विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या दोन जागांसाठी आलेले अर्ज माझ्याच कपाटात होते. त्यांत माझी एक विद्यार्थिनी होती, एम.ए.ला वर्गात पहिली, नंतर सेट झालेली. दोन्ही जागांचे काय होणार हे मेच्या मध्यापर्यंत मला कळले होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा मी बहिणीकडे कोकणात होतो. पडद्यावर नाव दिसले. नकार तोंडाने सांगावा लागेल म्हणून मी तो वाजू दिला. तिने पुन्हा फोन केला नाही. संध्याकाळी संदेश आला: ‘सर, आपल्या सवडीने कळवावे.’ कार्यशाळेतल्या वक्त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. मला सवड झाली जुलैमध्ये. मधल्या काळात तिने तालुक्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चालून आलेली मराठी शिक्षिकेची जागा सोडून दिली होती, कारण सरांनी अजून नाही म्हटलेले नव्हते. हे तिने मला सांगितले नाही. दुसऱ्याकडून कळले. त्या उन्हाळ्यात मी काय वाचले ते मला आठवत नाही; तिला तो महिना दिवसावार आठवत असणार.

यंदा जूनमध्ये अर्ज आले तेव्हा मी दोन पत्रे तयार केली. पहिले, आपला अर्ज मिळाला, निर्णय अमुक तारखेपर्यंत कळवू. दुसरे, निवड न झालेल्यांसाठी, चार ओळींचे. ई-मेलचा पत्ता सगळ्यांचा होता. तरी दुसरे पत्र कागदावर, सहीशिक्क्यानिशी पाठवावे असे मला वाटले. प्राचार्यांनी भुवया उंचावल्या, पण सही केली. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी जावक नोंदवही उघडून विचारले, ‘सर, विषय काय लिहू?’ मी म्हणालो, ‘अर्जाचे उत्तर.’ ते थोडे थांबले. ‘असं खातं नाही आपल्याकडं. संकीर्णमध्ये टाकतो.’ संकीर्णमध्ये एकेचाळीस पत्रे गेली. तीन जणांनी फोन केला. दोघांनी आभार मानले. तिसरीला एवढेच विचारायचे होते, की जोडलेल्या छायाप्रतींचा गठ्ठा परत मिळेल का, पुढच्या अर्जाला उपयोगी पडेल.