कोंडीचा बडगा हातगाडीवरच का?

धाराशिवसारख्या शहरात वाहतुकीची कोंडी झाली की पहिला बडगा हातगाडीवर पडतो. ऐन बोहनीच्या वेळी गाडी उचलली गेली, तर त्या घरी संध्याकाळी चूल कशी पेटावी? रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांना मिळावी, हे तर २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचेच तत्त्व आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यांना उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी त्यांचेच हवेत. आमचे म्हणणे एवढेच की, फेरीवाले बांधवांनी एकजुटीने नगर परिषदेकडे लेखी अर्ज करून हा हक्क मागावा. दुकानदारांनीही आपल्या मोटारसायकली दुकानापुढे लावू नयेत. ती जागा गिऱ्हाइकाची आहे.