स्वातंत्र्य कोणाचे?

सॉफ्टवेअरच्या परवान्याचा वाद हा संगणकतज्ज्ञांचा आपसांतील वाद आहे, त्यात आपण पडण्याचे कारण नाही, असे आपल्यातील पुष्कळ साथी मानतात. मीही परवापर्यंत तसेच मानीत होतो. परंतु सहकारी पतसंस्थांच्या हिशेबासाठी आज्ञावली रचणाऱ्या काही तरुण साथींनी, ती कोणत्या परवान्याखाली सर्वांना खुली करावी, असे मला विचारले. संगणकाचे माझे ज्ञान बेताचेच. तथापि हा प्रश्न मालकीचा आहे, आणि मालकीच्या प्रश्नावर तटस्थ राहणे समाजवाद्याला शोभत नाही.

खुल्या सॉफ्टवेअरचे परवाने मुख्यतः दोन प्रकारचे. बीएसडी, एमआयटी इत्यादी सैल परवाने सांगतात : मूळ लेखकाचे नाव राखा, मग या संहितेचे हवे ते करा, भर घालून ती कुलूपबंद करून विकलीत तरी हरकत नाही. दुसरा प्रकार कॉपीलेफ्टचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना सिद्ध झाला. त्याचे सार असे : वापरा, बदला, विकासुद्धा, मात्र ती वस्तू दुसऱ्याच्या हाती द्याल तेव्हा तिची मूळ संहिता आणि तुम्हांला मिळालेले हक्कही त्याला द्या.

अटी जितक्या कमी तितके स्वातंत्र्य अधिक, असे सैल परवान्याचे समर्थक म्हणतात. हा सूर आपल्याला अपरिचित नाही. कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आली तेव्हा कारखानदारांनीही कराराच्या स्वातंत्र्याच्या नावानेच गळा काढला होता.

अनुभव काय सांगतो? अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी मिनिक्स ही कार्यप्रणाली रचली व पुढे बीएसडी परवान्याखाली खुली केली. इंटेल कंपनीने ती आपल्या चिपसंचातील ‘मॅनेजमेंट इंजिन’ नामक दडलेल्या उपसंगणकात बसविली, हे २०१७ मध्ये उघडकीस आले. खुद्द प्राध्यापकांना ते वृत्तपत्रांतून कळले. त्यांनी कंपनीला खुले पत्र लिहिले. कळविले असते तर बरे झाले असते एवढीच खंत व्यक्त केली, आणि बर्कलेचा परवाना वापरकर्त्याला कमाल स्वातंत्र्य देतो हे आपले मत यातून सिद्ध झाले, असेही म्हटले. पण येथे वापरकर्ता कोण? पैसे मोजून संगणक घेणाऱ्या माणसाला त्या संहितेत डोकावता येत नाही, ती बदलता येत नाही. स्वातंत्र्य मिळाले ते इंटेलला. आपल्या गावातील गायरान असेच मोकळे म्हणून सोडले की त्याला पहिले कुंपण कोण घालतो, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

याच्या उलट उदाहरण घ्या. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये जीपीएलखालील लिनक्स असल्याचे २००३ मध्ये लक्षात आले. परवान्याच्या अटीमुळे कंपनीला संहिता खुली करावी लागली आणि तीतूनच ओपनडब्ल्यूआरटी हा लोकांचा प्रकल्प उभा राहिला. कंपनीचे हृदयपरिवर्तन झाले नव्हते. हक्काला अटीचे बळ होते.

कॉपीलेफ्टने सर्व प्रश्न सुटतात असे नाही. कंपन्या त्यापासून दूर राहतात, त्यामुळे प्रसार कमी होतो, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. ऑग व्हॉर्बिस या ध्वनिस्वरूपाचा प्रसार व्हावा म्हणून स्टॉलमन यांनीही २००१ मध्ये सैल परवान्यास संमती दिली होती. मक्तेदाराच्या स्वरूपाला पर्याय रुजविणे हेच उद्दिष्ट असेल तेथे तडजोड समजू शकते. पण आपली हिशेबाची आज्ञावली तशी नाही. उद्या एखादी धनाढ्य कंपनी तीत चार सोयी जोडून तीच पतसंस्थांना भाड्याने देईल आणि सभासदांच्या घामाचा पैसा दरमहा वसूल करील. संहिता आपल्याच यंत्रावर ठेवून केवळ सेवा विकणाऱ्याला जीपीएलही अडवीत नाही. त्यासाठी २००७ मध्ये एजीपीएल आला. जाळ्यावरून सेवा घेणाऱ्यालाही तो बदललेल्या संहितेचा हक्क देतो.

म्हणून तरुण साथींना माझे सांगणे स्पष्ट आहे : एजीपीएल निवडा. श्रम फुकट देणे ही उदारता खरी. परंतु ज्याच्याजवळ भांडवल आहे त्यालाच ते गिळण्याची मुभा देणे ही उदारता नव्हे, भाबडेपणा आहे. सामायिक धन सामायिकच राहील, ही अट घालण्यात संकोच कसला?