लोणी तिचे, झाड कोणाचे?

उत्तर घानात तमाले शहराजवळच्या एका दागोंबा खेड्यात मी काही वर्षांपूर्वी वर्षभर स्वयंसेविका म्हणून राहिले. तिथल्या बाया कशा आहेत, असे मैत्रिणी विचारतात. मला आधी आठवतात ते त्यांचे हात, कोपरापर्यंत तपकिरी लगद्यात बुडालेले.

शियाचे झाड आपल्या मोहाच्याच कुळातले. मोहासारखेच ते माळावर आपोआप वाढते. फळ धरायला १५-२० वर्षे लागतात. मे ते ऑगस्ट, म्हणजे घरातले धान्य संपत आलेले असते नेमके त्याच दिवसांत, बाया पहाटे फळे वेचायला निघतात. गवतात सापांची भीती. मग बी उकडायची, वाळवायची, फोडायची, भाजायची, दळायची आणि पाणी घालून तासन्‌तास हाताने फेटायची. तेव्हा कुठे लोणी वर येते. ते पुन्हा कढवायचे. पाणी आणि सरपणही बायांनीच आणायचे, हे वेगळे सांगायला नकोच. यातले बरेचसे बी परदेशी जाते आणि त्याची चरबी क्रीममध्ये, चॉकलेटमध्ये उतरते.

संस्थेने बायांचा गट बांधला, वजनकाटा आणला, हिशेबाची वही घातली. एकत्र विक्रीमुळे भाव बरा मिळू लागला. त्याचे मोल मी कमी करत नाही. पण गटातल्या एकीचा नवरा वारला. तो कसत होता ती शेते दिराकडे गेली आणि शेतातली झाडेही. पुढच्या हंगामात ती लांबच्या रानात जाऊ लागली. टोपली अर्धीच भरायची. वहीत तिच्या नावापुढे किलो कमी झाले. कारण लिहायला तिथे रकानाच नव्हता.

घानाच्या १९८५ च्या वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत वाटा दिला, पण घराण्याची जमीन वगळली. २०२० च्या जमीन कायद्याने लग्नानंतर मोल देऊन घेतलेल्या जमिनीत जोडीदाराला सहमालक मानले. पण त्या खेड्यात जमीन विकत घेतो कोण? ती गावप्रमुखाच्या संमतीने, पुरुषांच्या हातून पुरुषांच्या हाती जाते.

त्या बाईनेच मला विचारले होते, ‘तुमच्याकडे नवरा गेला की झाडे कोणाकडे जातात?’

आपल्याकडे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये संसदेने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. तरी भावाशी वाकडे नको म्हणून हक्कसोडपत्रावर सह्या होतातच, आणि त्याला माहेरची माया म्हणायचे! आपल्या बचत गटांच्या अहवालांत कर्जफेडीची टक्केवारी अगदी चोख असते. सातबारावर किती जणींची नावे आहेत, हे त्यात मी अजून वाचलेले नाही.

येत्या तीन महिन्यांत आपापल्या गटाच्या बैठकीत हजेरी घेताना हा एक प्रश्न विचारा. उत्तरे, अगदी ‘नाही’ अशी असली तरी, गावाच्या नावासह आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती छापू.