मात्रा दुसऱ्यांदा कोण तपासते?

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका मैत्रिणीचा रात्री उशिरा फोन आला. ती फार्म.डी. असून मध्य भारतातील एका कर्करोग रुग्णालयात काम करते. “एक गणित पाहतेस का?” एवढेच तिने विचारले.

गणित कार्बोप्लॅटिनचे होते. या औषधाची मात्रा मूत्रपिंडे ते किती वेगाने बाहेर टाकतात यावरून ठरते. हिलरी कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांचे १९८९ चे सूत्र अगदी सोपे आहे: मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगात २५ मिळवायचे आणि बेरजेला ‘एयूसी’ या अपेक्षित औषधभाराने गुणायचे. खाच आहे ती त्या वेगात. तो सहसा प्रत्यक्ष मोजत नाहीत, रक्तातील क्रिएटिनिनवरून त्याचा अंदाज बांधतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. रुग्ण कुपोषणाने खंगलेला असेल तर ते कमी भरते आणि सूत्राला मूत्रपिंडे ठणठणीत वाटतात.

तिच्यासमोरील रुग्णेचे वय ६०, वजन ३८ किलो, क्रिएटिनिन ०.४. त्यावरून वेग मिनिटाला ९० मिलिलिटर आणि एयूसी ५ साठी मात्रा ५७५ मिलिग्रॅम येते. क्रिएटिनिन किमान ०.७ धरण्याचा सावध प्रघात पाळला, तर वेग ५१ आणि मात्रा सुमारे ३८०. दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत. पहिल्याने रक्तबिंबिका धोकादायक पातळीला उतरू शकतात, तर दुसऱ्याने उपचार अपुरा पडण्याची शक्यता राहते. अशा वीस रुग्णा पाहिलेला ज्येष्ठ सहकारी तिला हवा होता. मिळाली मी, जिने आयुष्यात एकही रुग्ण तपासलेला नाही! (दुसऱ्या दिवशी डॉक्टरांशी बोलून तिने मात्रा कमी करून घेतली.)

माझ्या विषयातील लोकांवर अशी वेळ सहसा येत नाही. किरणोपचार केंद्रात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ असलाच पाहिजे, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे. तुर्भ्याला १९६२ पासून त्यासाठी पदविका शिकवली जाते, १९७६ पासून या मंडळींची देशव्यापी संघटना आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र टपालाने मापके पाठवून दूरदूरच्या यंत्रांची किरणमात्रा पडताळते. एखाद्या गावातील तरुण तज्ज्ञ एकटा असला तरी त्याच्या पाठीशी ही सगळी यंत्रणा उभी असते.

औषधांच्या बाजूला कर्करोग-औषधतज्ज्ञाचे असे अनिवार्य पद नाही. अनेक ठिकाणी इतर शंभर कामे सांभाळून परिचारिकाच केमोथेरपीची औषधे मिसळतात. सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. पण तो पूर्ण करणाऱ्या अनेकांना रुग्णालयात औषधवाटपाच्या खिडकीपलीकडे जागा नसते. पुढची पायरीच नसेल, तर हुशार मुले परदेशाची किंवा औषध कंपनीची वाट धरतात. त्यांना मी दोष देणार नाही.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे, आणि छोट्या रुग्णालयांबाबत तर फारच. पण सुरुवात पदांपासूनच व्हावी असे नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील केंद्रे महागडी औषधे एकत्रितपणे, पुष्कळ स्वस्तात खरेदी करू लागली आहेत. याच जाळ्यातून औषधतज्ज्ञांना थोडक्यात टळलेल्या चुका, नावे वगळून, एकमेकांना कळवता येतील. व्हिन्क्रिस्टिन शिरेऐवजी मणक्यातील द्रवात टोचले गेले तर रुग्ण सहसा वाचत नाही. ते सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या लहान पिशवीतून द्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा इशारा वेगवेगळ्या देशांतील अशा मृत्यूंच्या नोंदी एकत्र पाहिल्यामुळेच देता आला.

माझ्या मैत्रिणीने पकडलेल्या चुकांची एक वही आहे. ती तिच्या कपाटातच असते, कारण ती दाखवावी असे कोणी तिला ठाऊक नाही.

फार्म.डी. करणाऱ्या वाचकांना एकच विचारते: तुमच्या इंटर्नशिपच्या रुग्णालयात केमोथेरपीची मात्रा दुसऱ्यांदा कोण तपासत होते? रुग्णालयाचे नाव न घेता लिहा.