चेचलेले बोट

एकत्र कुटुंबात दार आपटले आणि पाठोपाठ लेकराची किंकाळी आली म्हणजे घरात काय घडते, हे वाचकांस सांगावयास नको. काकू हळदीचा डबा घेऊन धावतात, आजी चुना शोधू लागतात, कोणी बोटावर फुंकर घालतो, कोणी दारालाच चापट मारून मुलाची समजूत काढतो. आणि आमच्यासारखा एखादा वयोवृद्ध गृहस्थ खुर्चीवरून न उठता निकाल देतो, ‘काही झालेले नाही, उद्यापर्यंत बरे होईल.’ आज लिहावयाचे आहे ते या शेवटल्या वाक्याविषयी.

हे वाक्य आम्ही स्वतः उच्चारलेले आहे. शिक्षकी पेशात असताना एका विद्यार्थ्याचे मधले बोट बाक सरकविताना दोन बाकांमध्ये सापडले. रक्त आले नाही. मुलगा रडला, आम्ही त्याच्या बोटावर पाणी घातले, पाठीवर हात फिरविला व पुढील श्लोक सुरू केला. बोटाचे टोक किंचित खाली लोंबते आहे, हे आम्ही पाहिले होते; सूज असेल असे समजून गप्प बसलो. पुढे कित्येक वर्षांनी कल्याण स्थानकाच्या फलाटावर एका तरुणाने आम्हांस वाकून नमस्कार केला. जोडलेल्या हातांत एक बोट शेवटच्या पेरापाशी वाकलेले होते. ‘लिहावयास काही अडत नाही, सर,’ तो हसून म्हणाला, ‘हार्मोनियम तेवढी सुटली.’ टोक उचलणारा स्नायूचा तंतू तुटला, तर बोट ताठ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे, एकदाही न वाकविता, बांधून ठेवावी लागते. बहुतेकांचे काम एवढ्यावर भागते. ते त्या वेळी कोणीतरी सांगावयास हवे होते, आणि तो कोणीतरी म्हणजे आम्हीच होतो.

लाज अधिक वाटण्याचे कारण असे की, आम्ही संस्कृताचे शिक्षक. सुश्रुतसंहितेत आघाताने होणाऱ्या जखमांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. पिच्चित म्हणजे प्रहाराने वा दाबाने अस्थीसह चेपलेला अवयव. व्याख्येतच हाडाचा उल्लेख आहे! या जखमेतून रक्त फारसे बाहेर येत नाही, म्हणून दाह होतो, सबब थंड उपचार करावेत, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे रक्त दिसले नाही म्हणून निश्चिंत राहू नये, हा धडा फार जुना आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. बोटात अंगठी असल्यास सर्वप्रथम ती काढावी. सूज चढल्यावर ती निघत नाही व रक्तप्रवाह आवळते. कातडी फाटली असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली बोट धुवावे. रक्त येत असल्यास स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, व दहा मिनिटेपर्यंत ‘थांबले का’ म्हणून उचलून पाहू नये. हात छातीहून उंच ठेवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून सुमारे पंधरा मिनिटे लावावा. उघडा बर्फ कातडीस लावू नये. हळद, चुना, चहाची पूड यांपैकी काहीही उघड्या जखमेत भरू नये. बोट चोळू नये, ओढून ‘सरळ’ करू नये.

यानंतर चार गोष्टी पाहाव्यात. आकार: बोट वाकडे दिसते काय, टोक लोंबते काय? हालचाल: प्रत्येक पेर वाकविता व सरळ करता येते काय? स्पर्श: टोकास हलका स्पर्श केलेला कळतो काय? रंग: टोक पांढरे, निळे वा थंड पडले आहे काय? यांपैकी एकीचेही उत्तर वाईट आले, जखम आ वासून राहिली, हाड दिसू लागले, नख मुळातून उखडले, किंवा पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, तर त्याच दिवशी, त्याच घटकेस वैद्यकीय मदत घ्यावी. चौघेही ठीक असले तरी हाडावर दाबता असह्य दुखत असेल, तर क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. लहान मुलांच्या बाबतीत तर संशयाचा फायदा नेहमी डॉक्टरांकडे जाण्यासच द्यावा. त्यांच्या हाडांची वाढ व्हावयाची असते, व नखाच्या मुळाशी झालेली इजा आत हाड मोडल्याची खूण असू शकते.

नखाखाली रक्त साकळून ते काळे पडते व ठणका रात्रभर झोपू देत नाही. तापविलेली सुई खुपसून ते रक्त काढण्याचा उद्योग घरी कोणी करू नये. डॉक्टर तेच काम स्वच्छतेने क्षणात करतात. सुटू लागलेले नख उपटू नये. खालच्या कोवळ्या त्वचेस तेच आवरण असते. नवे नख पूर्ण यावयास सुमारे सहा महिने लागतात. जखम उघडी असल्यास धनुर्वाताची लस केव्हा टोचली होती हे डॉक्टरांस सांगावे. दोन-तीन दिवसांनी लाली पसरली, पू आला वा ताप चढला, तर पुन्हा दाखवावे. घरातील मधुमेही मंडळींनी इतकीही वाट पाहू नये.

वागळे इस्टेट वा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे मुलगे-सुना कामास जातात, त्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बोटाचा तुकडा पडलाच, तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून बंद पिशवीत घालावा व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हाताची शस्त्रक्रिया कोठे होईल हे निघतानाच विचारून घ्यावे. आणि अपघाताची नोंद त्याच दिवशी कारखान्याच्या वहीत करवून घ्यावी. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावणे म्हणजे कमाईच्या शक्तीतील ३० टक्के हानी धरली होती. बोट क्षुल्लक नव्हे, हे कायद्यासही ठाऊक आहे.

गेल्या आषाढात खाडीवरच्या वाऱ्याने आमच्या डोंबिवलीच्या घराचे दार आपटले आणि नातीचे बोट बिजागरीत सापडले. या खेपेस आम्ही खुर्चीवरून उठलो. चित्र काढले, हाड शाबूत निघाले. ‘आजोबांनी उगाच खर्च केला,’ अशी घरात चेष्टा झाली. ती आम्ही मोठ्या आनंदाने ऐकून घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी साऱ्या दारांस अडसर लावून घेतले.