अंधारातली शिकवणी

साठी उलटल्यावर माणसाने काय शिकावे याबद्दल आपल्याकडे सर्वांची मते ठाम असतात. गीता शिकावी, फार तर पेटी शिकावी. मी फोटो छापायला शिकणार असे जाहीर केले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "आणि आंघोळी कुठे करायच्या?" प्रश्न रास्त होता. यवतमाळच्या आमच्या घरात भर दुपारीही पूर्ण अंधार करता येईल अशी जागा एकच, ती म्हणजे न्हाणीघर.

पण हे खूळ नव्हते, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिचा चेहरा मला आठवत नाही. घरात तिचा एकुलता एक फोटो होता. एका पावसाळ्यात भिंत गळली, फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आणि सोडवता सोडवता त्याचे तुकडे झाले. उरली निगेटिव्ह. ती बाबांच्या ट्रंकेत बटरपेपरच्या पाकिटात होती, आणि पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते : 'कळंब, १९६८'. चिंतामणीच्या दर्शनाला गेले असताना आग्फा क्लिक थ्रीने काढलेली. तो कॅमेरा पुष्कळांना आठवत असेल. एका रिळात बारा चौकोनी फोटो, शटरचा वेग एकच. ऊन आहे की ढग आहेत, एवढेच त्याला सांगायचे. आई निंबाच्या सावलीत पदर डोक्यावर ओढून उभी होती. तेव्हा चेहऱ्याचे काय झाले असेल ते सांगायला नकोच.

पुण्याच्या चिरंजीवांनी ती निगेटिव्ह कॉम्प्युटरवर चढवली आणि घटकाभरात आजी उजळून पाठवली. काय देखणी बाई! रेखीव भुवया, कानांत मोत्यांच्या कुड्या, ओठांवर मंद हसू. मी तो फोटो घेऊन पुसदला मावशीकडे गेलो. मावशी पंच्याऐंशीची. आईला डोळ्यांनी पाहिलेले आता तेवढेच एक माणूस उरले आहे. तिने चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे धरला आणि परत देत म्हणाली,

"चांगली आहे रे. कोण आहे?"

परतीच्या एस.टी.त माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्राला जे दिसले नाही, ते त्याने पदरचे घातले होते. मला देखणी बाई नको होती. निगेटिव्हवर जेवढे आहे तेवढेच हवे होते.

आमच्या गावात एक जुने स्टुडिओवाले आहेत. सारे त्यांना काका म्हणतात. स्टुडिओ केव्हाच मिटला, पण एन्लार्जर त्यांनी गोधडीत गुंडाळून माळ्यावर जपला होता. ते म्हणाले, "शिकवतो. पण दोन महिने आईच्या निगेटिव्हले हात लावाचा नाई." आणि एका लग्नातल्या पंगतीची निगेटिव्ह त्यांनी माझ्या हाती दिली. ती पंगत मी इतक्या वेळा छापली, की त्यातल्या वाढप्याशी माझी ओळख झाली आहे!

पहिला धडा सोवळ्याओवळ्याचा. कोरडी बाजू वेगळी, ओली वेगळी. हायपोचा हात डेव्हलपरमध्ये बुडवायचा नाही. बुडवला, तर आमच्या आजीने स्वयंपाकघरात केला नसता एवढा गहजब काका करीत. डेव्हलपरही ते घरीच कालवायला लावीत : मेटॉल, सल्फाइट, हायड्रोक्विनोन, कार्बोनेट, चिमूटभर ब्रोमाइड. मेटॉल आधी. सल्फाइटच्या दाट पाण्यात ते नीट विरघळत नाही, हे मी एकदा पांढऱ्या गाठी पाहून शिकलो. झीरोच्या लाल दिव्याखाली सारे चालायचे, कारण त्या कागदाला लाल उजेड दिसत नाही. मात्र ट्यूबलाइट दिसतो. पाकिटात किती कागद उरले हे पाहण्यासाठी मी तो लावला, आणि मुंबईहून मागवलेला अख्खा गठ्ठा काजळासारखा काळा झाला. काका काहीच बोलले नाहीत. नंतर तेवढेच म्हणाले, "आता मोजा. काही उरले नाई."

खरी परीक्षा हवेची. मी शिकायला लागलो मार्चमध्ये, आणि विदर्भातला मार्च म्हणजे उन्हाळाच. डेव्हलपरला हवे वीस अंश, नळाचे पाणीच तीस-पस्तीस. औषध तापले की चित्र धावत येते, आणि धावत आलेले चित्र ठरत नाही. म्हणून रात्री अकरानंतर काम, आणि ट्रे बर्फाच्या परातीत. बर्फ ट्रेच्या बाहेर, आत नव्हे. आत पडला तर औषध पातळ होते. मग पाणी. चांगल्या जाड कागदातून हायपो निघायला तासभर वाहते पाणी लागते. राहिला तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. २०१८चा उन्हाळा ज्यांनी आमच्या गावात टँकरची वाट पाहत काढला, त्यांच्यासमोर 'तासभर वाहते पाणी' हे शब्द उच्चारायची सोय नाही. काकांनी बादलीचा तोडगा काढला : बादली भरायची, फोटो हलवत राहायचे, पाच मिनिटांनी ओतायची, पुन्हा भरायची. दहा-बारा वेळा.

त्या बादल्या मोजणाऱ्या सौभाग्यवतींना मी सरस्वतीबाई फाळक्यांचे उदाहरण दिले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांनी पाहिला. त्याच्या मागे दादासाहेबांच्या घरातला अंधार होता. फिल्मला भोके पाडण्यापासून ती औषधात धुण्यापर्यंतची कामे ही बाई शिकली होती, आणि माणसांचा स्वयंपाकही तिच्याच गळ्यात होता. हे ऐकून घेऊन आमच्या घरून उत्तर आले, "त्यांच्याकडे पाणी रोज येत असेल."

मे महिन्यातल्या एका रात्री काकांनी पंगतीची निगेटिव्ह काढून घेतली आणि मान हलवली. मी आईची एन्लार्जरमध्ये बसवली. खाली पाटावर ती उमटली, उलटी : सावल्या उजळ, उन्हे काळी, केस पांढरेशुभ्र. आईला म्हातारी झालेली मी पाहिली ती एवढीच.

आधी कागदाची एक पट्टी. वर पुठ्ठा धरून पाच-पाच सेकंदांनी सरकवत न्यायचा आणि कोणती छटा योग्य ते पाहायचे. पदर आणि मागची भिंत पंधरा सेकंदांना झकास येत होती. चेहरा मात्र कोळसा. तेव्हा चेहऱ्यावर उजेड कमी पडू द्यायचा. त्यासाठी तारेच्या टोकाला रुपयाएवढी काळी टिकली लावून ती उजेडात आडवी धरायची, आणि सारखी हलवत राहायची. काका मोठ्याने मोजत, "एक विठ्ठल, दोन विठ्ठल." माझा हात थबकला आणि पहिल्या फोटोत आईच्या डोक्याभोवती वलय उमटले. "बाईची देवी केली तुम्ही," काका म्हणाले. दुसऱ्यात टिकली फार वेळ राहिली. चेहरा नुसता राखेचा गोळा. चौथा कागद मी डेव्हलपरमध्ये सोडला. आधी भिंत आली, मग पदराचा काठ. मग नाक, एक गाल, उजवा कान, घट्ट मिटलेले ओठ. डावा डोळा आलाच नाही. मी पुन्हा करून पाहू म्हणालो.

"काहून?" काकांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. "तिथं चांदी बसलीच नाई. नाई तिथून काय काढता?"

फोटो वाळवून मी पुसद गाठले. मावशी बराच वेळ बोलली नाही. मग त्या उजव्या कानावर बोट ठेवून म्हणाली, "अक्का."

मी भीतभीतच म्हटले, "त्या दुसऱ्या फोटोत कुड्या होत्या."

"कुड्या कुठल्या असायला? त्या सोनाराकडे गहाण. तुला टायफॉइड झाला होता ना! त्याच नवसाला तर कळंबला गेले होते."

हे मला साठ वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

निघताना मी फोटोसाठी हात पुढे केला, तर मावशीने तो पोथीत ठेवूनही दिला होता. "तुला येतं ना आता? दुसरा काढ."

तसा तो काढायचा आहेच. काका म्हणतात, थंडी पडू द्या. सौभाग्यवती म्हणतात, आधी दिवाळीच्या आंघोळी होऊ द्या.