वऱ्हाड पडद्यावर यायचा तर धड यावा

आमच्या बुलढाणा जिल्ह्याबद्दल, आणि एकूणच वऱ्हाडाबद्दल, मराठी सिनेमाच्या धंद्यात दोन मतं पक्की रुजलेली आहेत. एक, वऱ्हाडी बोली हसवायला बरी, गंभीर प्रसंग तिला पेलत नाही. दुसरं, कापूसवाल्या शेतकऱ्याचं दुःख दाखवलं की थेटर रिकामं. आमच्याकडचेही पुष्कळ लोक यावर माना डोलावतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. दोन्ही मतं साफ चुकीची आहेत.

बोलीचं आधी घेऊ. मराठी पडद्यावरचं खेडं घडलं कोल्हापूरच्या स्टुडिओंत. म्हणून खेडूत म्हटला की तो तिकडचंच बोलणार, असं ठरून गेलं. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. सिनेमा उत्तमच, हंसा वाडकर आणि जयश्री गडकरांसाठी मी तो आजही बघायला बसेन. पण जुन्याचे अभिमानी जेव्हा म्हणतात की त्या काळच्या सिनेमातलं खेडं खरं होतं, तेव्हा विचारावंसं वाटतं, कुणाचं खेडं? त्यात आमची पऱ्हाटी नव्हती आणि आमचं बोलणंही नव्हतं. तरी तसले सिनेमे आमच्या आज्यांना कळले, आवडले. मग आमची बोली बाकीच्यांना का कळू नये? ‘सैराट’ (२०१६) करमाळ्याकडची बोली बेधडक बोलला आणि मराठीतला सर्वाधिक कमाईचा सिनेमा ठरला.

खरी अडचण अभ्यासाची आहे. ‘काहून’ आणि ‘बाप्पा’ पेरले की झाली वऱ्हाडी, असं लिहिणारे समजतात. या एका जिल्ह्यात घाटावरचा आणि घाटाखालचा माणूस वेगळा बोलतो. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोदकडे ‘मले-तुले’. घाट चढून देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे गेलात की बोलण्याला मराठवाड्याची झाक. हे न ऐकता नटाच्या तोंडी वाक्यं कोंबली तर ती हास्यास्पद होणारच. त्यात बोलीचा काय दोष?

आता दुःखाचं. दिवसभर जे भोगलं तेच रात्री पैसे देऊन का बघायचं, हा सवाल रास्त आहे, उडवून लावण्यासारखा नाही. पण बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला १९२५ साली. जमीन गमावलेल्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. ‘मदर इंडिया’ (१९५७) हीसुद्धा सावकाराच्या विळख्याचीच गोष्ट, आणि ती देशभर तुफान चालली. लोकांना दुःखाचं वावडं नाही. त्यांना वीट आहे तो दुःखाच्या प्रदर्शनाचा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणा होता. तेव्हापासून आमच्या वाट्याला भेगाळलेली जमीन, झाडाला दोर आणि कपाळ पुसलेली बाई एवढीच चित्रं आली.

सतीश मन्वरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) म्हणूनच मला मोठा वाटतो. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर अलका नवऱ्याचीच धास्ती घेते. किसना जाईल तिथे पोराला पाळतीवर धाडते, सासूलाही कामाला लावते, त्याच्या आवडीचं रांधून घालते. बिचाऱ्या किसनाला कळत नाही, हिला झालंय काय. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी हे इतकं साधेपणानं करतात की आपण हसतो, आणि हसता हसता पोटात गोळा येतो. ज्या घरात ही भीती वावरली आहे, त्या घरातल्या माणसाला हा सिनेमा रडगाणं वाटूच शकत नाही.

विनोदाला माझा विरोध नाही. हसू कुणाचं, एवढंच बघायचं. बुलढाण्याच्या रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी प्रौढ साक्षरता मोहिमेची कागदोपत्री करामत उघडी पाडते. तिच्यात खेडूत हास्यास्पद नाही, यंत्रणा आहे. तिच्यावरच्या सिनेमात (२००९) मला विनोदवीर पुढे आलेले आणि यंत्रणा मागे सरलेली दिसली. हातची संधी गेली.

ती जयंत सोमलकरांच्या ‘स्थळ’नं साधली. चंद्रपूरकडचं डोंगरगाव, तिथलीच नवखी माणसं, त्यांचीच बोली. सुरुवातीलाच उपवर मुलगा बसवलेला आणि बाया त्याला प्रश्न विचारताहेत. ते सविताचं स्वप्न. मग जागेपणी तिलाच बसावं लागतं, नाव, उंची, शिक्षण सांगत, पुन्हा पुन्हा. कापसाचा भाव आणि मुलीचं लग्न एकमेकांत कसं अडकलंय, ते कुणी भाषण न ठोकता कळतं. चंद्रपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे. पण वाट हीच.

आणि आमच्याकडे गोष्टी कमी आहेत का? ‘फर्जंद’पासून ‘शेर शिवराज’पर्यंत मृणाल कुलकर्णींनी जिजाऊ मनापासून उभ्या केल्या. पण त्या भेटतात त्या शिवरायांच्या आऊसाहेब म्हणून. सिंदखेडच्या लखुजीराव जाधवांची लेक कुठे आहे? माहेर आणि सासर यांच्यात वैर. १६२९ साली निजामशाही दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, बाप आणि भाऊ दग्यानं मारले गेले. त्यानंतर वर्षाच्या आत शिवनेरीवर मूल जन्माला आलं. या बाईच्या मनात त्या महिन्यांत काय चाललं असेल, हा सिनेमा लखुजीरावांच्या वाड्यातून सुरू व्हायला हवा. दुःखाची गोष्ट आहे, लोक येणार नाहीत, असं ज्या निर्मात्याला वाटतं, त्यानं १२ जानेवारीला सिंदखेड राजाला यावं आणि जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटलेल्या गर्दीसमोर उभं राहून तेच वाक्य बोलून दाखवावं.